निसर्ग पर्यटनाचा प्रस्ताव : आधी आकडा, मग ठराव, बांधकाम सगळ्यात शेवटी

बहुतेक गावांचा क्रम ठरलेला असतो. कोणीतरी धबधब्याचं रील टाकतं, पावसाळ्यातल्या दोन रविवारी रस्ता गाड्यांनी तुंबतो आणि पुढच्या ग्रामसभेत "आपलं गाव पर्यटनस्थळ करा" असा ठराव होतो. मग 'क' वर्ग पर्यटनस्थळाच्या दर्जासाठी धावपळ. दर्जा मिळाला की जिल्हा नियोजनातून निधी येतो आणि त्यातून स्वागत कमान, रेलिंग, पेव्हर ब्लॉक, जमलं तर एक हायमास्ट दिवा उभा राहतो. धबधबा राखीव वनात आहे, वाट अभयारण्यातून जाते आणि समितीच्या नावे साधं बँक खातंही नाही, हे सगळं नंतर कळतं.

हा लेख जंगलाच्या, किनाऱ्याच्या किंवा सड्याच्या (कातळाच्या पठाराच्या) कडेला असलेल्या महाराष्ट्रातल्या गावांसाठी आहे, जिथे पर्यटन गावाने मिळून चालवायचं आहे. स्वतःच्या शेतात खोल्या बांधून पाहुणे ठेवायचे असतील, तर त्यासाठी २०२० चं कृषी पर्यटन धोरण आहे आणि तो रस्ता वेगळा आहे. दोन्ही एकाच अर्जात कोंबायला जाऊ नका. सरकारी टेबलावर असा अर्ज ना इकडचा राहतो ना तिकडचा.

## टप्पा १ : जागा कोणाची, हे कागदावर बघा

"जंगल आमचंच आहे" हे भावनेने खरं असतं, प्रस्तावात मात्र ते चालत नाही. जिथे माणसं उभी राहणार, चालणार, गाडी लावणार आणि जेवणार, त्या प्रत्येक जागेचा गट क्रमांक किंवा वनखात्याचा कक्ष क्रमांक काढा. सातबारा तलाठ्याकडे मिळेल. कक्ष क्रमांक बीटच्या वनरक्षकाला तोंडपाठ असतो. नकाशा वनपरिक्षेत्र कार्यालयात बघायला मिळतो. एका मोठ्या कागदावर गावाचा नकाशा काढून त्यात रंग भरा. एवढं केलं तरी निम्मे वाद इथेच दिसू लागतात.

जागेच्या प्रकाराप्रमाणे नियम बदलतात:

- राखीव किंवा संरक्षित वन : इथे १९८० चा वन कायदा लागतो. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कार्य आयोजनेत, म्हणजे वनखात्याच्या त्या जंगलासाठीच्या आराखड्यात, समाविष्ट असलेल्या निसर्ग पर्यटनाच्या सुविधा 'वनेतर वापर' धरल्या जात नाहीत. इथे महत्त्वाचा शब्द 'समाविष्ट' हा आहे. तुमची जागा कार्य आयोजनेत नसेल, तर या सवलतीचा तुम्हाला काही उपयोग नाही.
- अभयारण्य : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. आत जायला कलम २८ खाली परवाना लागतो. कलम ३३ प्रमाणे राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या पूर्वमंजुरीशिवाय आत व्यावसायिक निवासस्थान बांधता येत नाही.
- व्याघ्र प्रकल्प : राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची २०१२ ची मार्गदर्शक तत्त्वं. गाभा क्षेत्राचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनाला वापरता येतो. गावाला वाव असतो तो बफरमध्ये, म्हणजे गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात.
- समुद्रकिनारा आणि खाडी : किनारा नियमन क्षेत्राची २०१९ ची अधिसूचना. वाळूवर तात्पुरती झोपडी टाकायची असली, तरी आधी विचारायचं.
- किल्ला किंवा लेणी : केंद्र संरक्षित स्मारक असेल, तर हद्दीपासून १०० मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढच्या २०० मीटरवर निर्बंध आहेत.
- सामूहिक वनहक्क मिळालेलं जंगल : राखण्याचा आणि व्यवस्थापनाचा हक्क ग्रामसभेचा. तरीही टप्पा ४ मधली गणसंख्येची (सभेला किमान किती माणसं हजर हवीत याची) भानगड नीट वाचा.

सावधान : वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) खाली एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन गावाच्या सुविधांसाठी मागता येते. त्या यादीत शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पाण्याची टाकी, रस्ता, समाजमंदिर आहे. पर्यटन नाही. "समाजमंदिर म्हणून मागू आणि पर्यटकांना देऊ" असा सल्ला देणारे प्रत्येक तालुक्यात भेटतात. ती वाट धरू नका. एका तक्रारीत सगळा प्रस्ताव अडकतो, आणि तक्रार करणारा बहुधा गावातलाच असतो.

तपासा : पाहुण्याच्या गाडीपासून शेवटच्या थांब्यापर्यंत प्रत्येक पावलाचा मालक सांगता येतो का? एक जरी तुकडा 'बहुतेक गायरान असावं' असा राहिला, तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २ : वर्षभराची नोंद, निदान दोन ऋतूंची

जैवविविधता कायदा, २००२ प्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती कपाटात असते. बाहेर काढून वाचा. कोणीतरी घाईत भरलेली असेल, तर गुराख्यांना, मध काढणाऱ्यांना, खेकडे पकडणाऱ्या बायकांना बसवून पुन्हा भरा. कोणता पक्षी कुठल्या कड्यावर कधी घरटं करतो, आग्या मोहोळ कुठे बसतं, ओढा कोणत्या महिन्यात आटतो, सड्यावर फुलं कोणत्या आठवड्यात येतात, हे सगळं त्यांना माहीत असतं.

सोबत दहा-बारा जागा ठरवून प्रत्येक महिन्यात त्याच ठिकाणी, त्याच दिशेने मोबाइलवर फोटो काढा. खर्च शून्य. दोन वर्षांनी पायवाट रुंद झाली की नाही यावर गावात भांडण होईल, तेव्हा हेच फोटो कामाला येतील.

नोंदीतून एक गोष्ट हमखास बाहेर येते: पाहुण्यांना जे बघायचं असतं, ते बहुधा सगळ्यात नाजूक घडीला दिसतं. काजव्यांचा मोसम म्हणजे त्यांचा विणीचा काळ. नर-मादी उजेडाच्या खुणांनी एकमेकांना शोधतात. त्यात टॉर्च आणि गाडीचे दिवे पडले की त्या खुणा बुडून जातात. अळ्या पालापाचोळ्यात आणि ओल्या मातीत वाढतात, म्हणजे वाट सोडून झाडाखाली गेलेली माणसं पुढच्या वर्षीचे काजवे तुडवत असतात. कासवाची पिल्लं समुद्राकडच्या उजेडाच्या अंदाजाने चालतात, म्हणून किनाऱ्यावर फ्लॅश चालत नाही. सड्यावर मातीचा थर इतका पातळ असतो की एका मोसमाच्या चालण्याने खडक उघडा पडतो. काजव्यांच्या गावात हायमास्ट दिवा मागणारे ठराव मी वाचले आहेत. मागणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता, फक्त नोंदवही त्यांनी उघडली नव्हती.

## टप्पा ३ : दिवसाचा आकडा काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे जरा थांबू या. वहन क्षमता, म्हणजे जागेला एका दिवसात किती माणसं झेपतात, हा आकडा प्रस्तावाच्या पहिल्या पानावर हवा. बहुतेक प्रस्तावांत तो शेवटी, कोणत्या तरी अहवालातून उचललेला असतो, किंवा नसतोच.

काढायची पद्धत अवघड नाही. तीन गाळण्या समजा. एकातून दुसरीत, दुसरीतून तिसरीत. प्रत्येक वेळी आकडा कमीच होतो. वाढला, तर गणित चुकलं.

पहिली गाळणी : जागा आणि वेळ. समजा पायवाट ३ किलोमीटरची आहे. एका गटात १० माणसं. दोन गटांना एकमेकांचा आवाज येऊ नये म्हणून ५०० मीटरचं अंतर. म्हणजे एका वेळी वाटेवर ६ गट. फेरीला अडीच तास लागतात आणि वाट रोज पाच तास उघडी, म्हणजे दोन फेऱ्या. ६ गुणिले २ गुणिले १० म्हणजे १२० माणसं.

बहुतेक जण इथेच थांबतात आणि "दिवसाला १२०" असं लिहून मोकळे होतात. हा आकडा फक्त जमिनीवर माणसं मावतात एवढंच सांगतो.

दुसरी गाळणी : निसर्गाच्या अडचणी. नोंदवहीतून घ्या. समजा, वाटेचा एक किलोमीटर ओढ्याच्या काठाने जातो आणि पावसात तिथली माती सुटते. तो भाग चार महिने बंद. उरले २ किलोमीटर, म्हणजे ४ गट, दोन फेऱ्या, ८० माणसं. वाट आखडली म्हणून फेऱ्या वाढवायच्या नाहीत. घरट्यांचा काळ, आटलेला पाणवठा, निसरडा उतार, वणव्याचे महिने, आग्या मोहोळ, यांतलं जे तुमच्याकडे असेल ते एकेक वजा करत जा. प्रत्येक ऋतूचा आकडा वेगळा येईल. वेगळाच लिहा.

तिसरी गाळणी : तुमची स्वतःची ताकद. प्रशिक्षण घेतलेले वाटाडे पाच. पण भाताची लावणी, लग्नसराई, मुंबईला गेलेले सोडून कोणत्याही दिवशी खरे हजर तीन. प्रत्येकाने दोन फेऱ्या केल्या, तर ६ गट, ६० माणसं. आता शौचालयं, पिण्याचं पाणी आणि वाहनतळ याच आकड्याला पुरतात का बघा. गावाची विहीर एप्रिलमध्ये गावालाच पुरत नसेल, तर एप्रिलचा आकडा शून्य. लिहायला जड जातं, पण तेच खरं असतं.

पहिल्या वर्षी या ६० पैकी निम्म्यावर सुरुवात करा. आकडा वाढवताना कोणी भांडत नाही, कमी करताना अख्खं गाव भांडतं.

राज्यात याची उदाहरणं आहेत. कास पठारावर फुलांच्या मोसमात रोजच्या पर्यटकांवर मर्यादा घालून आगाऊ नोंदणी ठेवावी लागली, आणि गर्दी सांभाळण्याचं काम आसपासच्या गावांच्या वन समित्यांनी केलं. पण तिथे गर्दी आधी आली आणि मर्यादा नंतर. तुमच्या हातात अजून उलटा क्रम आहे.

नेहमीची चूक : वर्षाचे पर्यटक भागिले ३६५ करून रोजची सरासरी काढणे. जंगलाला सरासरीने काही होत नाही. जे काही होतं ते ऑगस्टमधल्या चार रविवारी होतं. हिशोब सगळ्यात गर्दीच्या दिवसाचा करा.

तपासा : आकडा ओलांडला तर फाटक कोण बंद करणार, त्या माणसाचं पद लिहिलंय का? 'समिती ठरवेल' असं लिहिलं असेल, तर फाटक बंद होणार नाही हे धरून चाला.

## टप्पा ४ : ग्रामसभा

आकडा हातात आल्यावरच ग्रामसभा. उलटं केलं तर ठरावात "पर्यटनाचा विकास करण्यात यावा" एवढंच येतं, आणि त्या एका वाक्याखाली पुढे काहीही बसवता येतं.

गणसंख्येत लोक हमखास घोळ करतात. ग्रामपंचायत कायद्याखालच्या ग्रामसभेला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. वनहक्क कायद्याखालच्या ग्रामसभेला मात्र निम्मे सदस्य लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश स्त्रिया हव्यात. शिवाय ती ग्रामसभा पाड्याची किंवा वाडीची असू शकते, ग्रुप ग्रामपंचायतीची नव्हे. सामूहिक वनहक्काच्या जंगलासाठी ग्रामपंचायतीच्या ग्रामसभेचा ठराव जोडलेले प्रस्ताव याच कारणाने परत येतात.

ठरावात या गोष्टी स्पष्ट हव्यात:

1. कोणत्या गट किंवा कक्ष क्रमांकात काय होईल आणि काय होणार नाही.
2. ऋतूनुसार रोजचा आकडा, आणि तो बदलण्याचा अधिकार कोणाचा.
3. कोणत्या जागा पाहुण्यांना कधीच उघडायच्या नाहीत. देवराई, स्मशान, बायकांची पाण्याची वाट, गुरांचं पाणी.
4. चालवणारी समिती कोणती आणि पैसे कुठल्या खात्यात जमा होणार.
5. सरपण, चराई, मध, मासे यांचे गावाचे चालू हक्क तसेच राहतील.

पाचवा मुद्दा वगळला की दोन वर्षांनी असं होतं: पाहुण्यांच्या वाटेवर शेळ्या दिसतात म्हणून गुराख्याला हटकलं जातं. तो गावात सगळ्यात कमी बोलणारा माणूस असतो, म्हणून त्याचं लिहून ठेवायचं.

महिलांची सभा आधी घ्या, आणि ती खरोखर घ्या. मुक्कामाचं आणि जेवणाचं सगळं काम त्यांच्यावर येणार आहे. शनिवारी संध्याकाळी वीस माणसं जेवायला येणार हे ठरवताना त्यांना विचारलं नव्हतं, असं जिथे झालं, तिथे दुसऱ्या मोसमात चुली बंद पडल्या.

## टप्पा ५ : समिती आणि खातं

नवी संस्था काढायची घाई नको. वनजमीन असेल तर गावात संयुक्त वन व्यवस्थापन समिती असते. व्याघ्र प्रकल्पाशेजारी ग्राम परिस्थितीकीय विकास समिती असते. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेची कामं तिच्यामार्फतच होतात. समिती निजली असेल, तर निवडणूक घेऊन जागी करा. नवी संस्था काढली की जुनी आणि नवी एकमेकांवर अर्ज करत बसतात.

पैशाचं म्हणाल, तर तीन वह्या पुरतात: पावती पुस्तक, रोजकीर्द आणि पाळीची वही. पाळीची वही म्हणजे आज कोणाच्या घरी पाहुणे, कोणता वाटाडा. ती देवळात किंवा पंचायतीच्या भिंतीवर सगळ्यांना दिसेल अशी लावा. फोन ज्याच्याकडे येतो त्याच्याच घरी पाहुणे जातात, ही तक्रार जवळपास प्रत्येक गावात होते, आणि ती बहुतेक वेळा खरी असते. नोंदणीचा फोन आणि मुक्कामाचं घर एकाच माणसाकडे ठेवू नका.

वाटणीही आधीच लिहा. प्रवेश शुल्कातला किती भाग वाटेच्या डागडुजीला, किती साफसफाईला, किती गावनिधीला. वाटाड्याचं मानधन आणि जेवणाचे पैसे थेट करणाऱ्याच्या हातात, त्याच दिवशी. साठवलेल्या पैशांवरून भांडणं होतात, वाटलेल्यांवरून कमी.

## टप्पा ६ : प्रस्ताव कोणाकडे, कसा

क्रम असा: वनरक्षक आणि वनपाल यांच्याबरोबर जागेची पाहणी, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे प्रस्ताव, तिथून उपवनसंरक्षक. जागा कार्य आयोजनेत आहे का, हे उपवनसंरक्षक कार्यालयात विचारा. कार्य आयोजना साधारण दहा वर्षांची असते. तिची उजळणी जवळ आली असेल, तर आत्ताच लेखी मागणी द्या. ती संधी चुकली की पुढची फार लांब असते. वनक्षेत्रातल्या निसर्ग पर्यटनासाठी राज्याचं महाराष्ट्र निसर्ग पर्यटन विकास मंडळ आहे. तिथेही प्रस्ताव वनविभागामार्फतच न्यावा. थेट मंत्रालयात दिलेली फाइल फिरून त्याच वनपरिक्षेत्र कार्यालयात अभिप्रायासाठी येते, आणि तेव्हा साहेबांना ती पहिल्यांदा दिसते. त्यांचा चेहरा कसा होतो ते सांगायला नको.

'क' वर्ग दर्जा जिल्हा नियोजन समिती देते. तो मागायला हरकत नाही, पण त्यातून येणारा पैसा मुख्यतः बांधकामाच्या कामांसाठी असतो. म्हणून तो मागताना कामांची यादी तुम्हीच द्या: शौचालय, शोषखड्डा, वाहनतळ, वाटेवरच्या दगडी पायऱ्या. यादी दिली नाही, तर ती ठेकेदार देतो, आणि तिच्यात कमान पहिली असते.

केंद्राच्या स्वदेश दर्शन २.० या पर्यटन योजनेत गावाने थेट अर्ज करायचा नसतो. तिथे ठिकाणं राज्यामार्फत निवडली जातात. निसर्ग पर्यटन आणि शाश्वत पर्यटन या दोन्हींच्या राष्ट्रीय रणनीती २०२२ मध्ये आल्या. त्यांतले उतारे प्रस्तावात डकवून पानं भरू नका. अधिकाऱ्याने ते वाचलेले असतात. तुमच्या ओढ्याबद्दल मात्र त्याने काही वाचलेलं नसतं.

प्रस्तावाची पानं, याच क्रमाने : रोजचा आकडा आणि तो कसा काढला, रंगवलेला नकाशा, ग्रामसभेचा ठराव उपस्थितीच्या सह्यांसह, समितीचा तपशील आणि खातं, नोंदवहीचे उतारे आणि फोटो, बंद ठेवायच्या जागा आणि महिने, शेवटी बांधकाम, आणि तेही कमीत कमी.

सावधान : मंजुरीच्या आधी वाटेवर एक दगडही हलवू नका. "श्रमदानातून पायऱ्या केल्या" हे कौतुकाने सांगितलेलं वाक्य वनगुन्ह्याच्या नोंदीत गेलेलं मी पाहिलं आहे.

## टप्पा ७ : वाटाडे, घरं, स्वयंपाक

वाटाड्यांचं प्रशिक्षण म्हणजे पक्ष्यांची इंग्रजी नावं पाठ करणं, असा एक समज आहे. नावं वर्षभरात येतात. पहिल्या दिवशी यायला हव्यात त्या तीन गोष्टी: 'नाही' म्हणणं, गट मोजणं आणि प्रथमोपचार. निघताना दहा, परतताना दहा. सर्पदंशावरचं प्रतिविषाचं इंजेक्शन जवळच्या कोणत्या सरकारी रुग्णालयात आहे आणि रात्री तिथे डॉक्टर असतो का, हे आधी जाऊन पाहून या. कड्यावर आग्या मोहोळ असेल, तर त्या खाली धूर, अत्तर, ओरडा नाही. अशा दिवसांत ती वाट बंद ठेवलेलीच बरी.

घरात पाहुणे ठेवायचे असतील, तर पर्यटन संचालनालयाकडे न्याहारी व निवास योजनेत नोंदणी करा. जेवण विकायचं म्हटलं की अन्न सुरक्षा नोंदणी लागते. ती स्वस्त आहे, ऑनलाइन होते, तरी दहातल्या आठ घरांकडे नसते. पाहुण्यांची वही आणि ओळखपत्राची प्रत ठेवा. परदेशी पाहुणा आला, तर २४ तासांत ऑनलाइन कळवावं लागतं. "एका रात्रीचा तर प्रश्न आहे" ही सबब पोलीस ठाण्यात चालत नाही.

महिलांना खोली दुरुस्तीसाठी कर्ज घ्यायचं असेल, तर राज्याचं २०२३ चं महिलांसाठीचं 'आई' पर्यटन धोरण बघा. १५ लाखांपर्यंतच्या कर्जावरच्या व्याजाचा ठरलेल्या मर्यादेत परतावा मिळतो. इथेही क्रमाचीच चूक होते: आधी बँकेत जाऊन कर्ज उचलतात आणि मग योजना शोधतात. आधी संचालनालयाचं पत्र, मग बँक.

खोलीत एसी आणि गिझर हवा, असं कोणीतरी सांगेल. पाहुण्याला लागतं ते स्वच्छ शौचालय, धुतलेली चादर, मच्छरदाणी आणि दाराला आतून कडी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला कासवांच्या मोसमात लोक साध्या घरांत राहतात आणि घरचं जेवतात. तिथे कोणी हॉटेल शोधायला जात नाही. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटाच्या महिलांनी कांदळवन सफर चालवली, ती वल्ह्याच्या होडीवर. मोटारीचा आवाज नाही, डिझेलचा खर्च नाही आणि पक्षी उडून जात नाहीत.

## टप्पा ८ : कचरा, सांडपाणी, उजेड

फलक लावून कचरा थांबत नाही. मोजून थांबतो. नाक्यावर प्रत्येक गटाकडच्या बाटल्या आणि पाकिटं मोजा, अनामत घ्या आणि परतताना तेवढीच दाखवल्यावर परत करा. पहिले चार रविवार लोक हुज्जत घालतील. राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना २०१८ पासून आहे, ती छापून नाक्यावर ठेवा. वाचत कोणी नाही, पण कागद बघून आवाज खाली येतो.

शौचालय ओढ्यापासून आणि विहिरीपासून लांब, उताराच्या खालच्या बाजूला. सोयीचं म्हणून वाटेच्या तोंडाशी बांधलेलं शौचालय अनेकदा नेमकं पाणवठ्याच्या डोक्यावर येतं. दिवे फक्त घरांपाशी, पिवळे, खाली झुकलेले. लाउडस्पीकर नाही, ड्रोनही नाही.

## टप्पा ९ : चाचणीची फेरी

जाहिरात करण्याआधी ओळखीची वीस माणसं बोलवा आणि त्यांच्याकडून पूर्ण पैसे घ्या. फुकट आलेला माणूस तक्रार करत नाही. त्यात एक म्हातारं माणूस, एक लहान मूल आणि एक सतत शंका काढणारा असू द्या. घड्याळ लावून बघा: फेरी खरंच अडीच तासांत होते का, जेवण किती वाजता मिळालं, पाणी कुठे संपलं, कोण कुठे घसरलं. माझ्या पाहण्यातल्या जवळजवळ प्रत्येक चाचणीत फेरीला ठरवलेल्यापेक्षा तास-दीड तास जास्त लागला. म्हणजे दोन फेऱ्यांची एकच झाली आणि आकडा निम्म्यावर आला. टप्पा ३ च्या कागदावर तसा बदल करा आणि प्रस्तावातही आकडा सुधारा.

## टप्पा १० : पहिला मोसम

ठरवलेल्या फोटोंच्या जागा, बाटल्यांचा हिशोब, पाळीची वही. दर महिन्याला या तिन्हींवर एक तास बसा. खूण आधीच ठरवून ठेवा: वाट अमुक हातांपेक्षा रुंद झाली, घरटं सोडलेलं दिसलं, विहिरीची पातळी खुणेखाली गेली, तर वाट त्या दिवसापासून बंद. बैठक नंतर.

पहिला मोठा रविवार येईल तेव्हा आकडा सकाळी दहालाच भरलेला असेल आणि खाली चाळीस गाड्या उभ्या असतील. त्यांना वर येऊन परत जायला लावलं की भांडण होतं, म्हणून नाका वरच्या फाटकाशी नको, मुख्य रस्त्याच्या फाट्यावर हवा. 'आज भरले' असा फलक, दोन माणसं, दुसऱ्या दिवसाच्या नोंदणीचा फोन आणि त्याच पैशांत जेवून जाता येईल अशा खालच्या दोन घरांचे पत्ते त्यांच्याकडे ठेवा. एखाद्या पुढाऱ्याची गाडी सोडायचा फोन येईलच. तेव्हा फाट्यावरच्या पोरांना दाखवायला ठरावाची प्रत लागेल. ती प्लास्टिकच्या कव्हरात घालून नाक्यावरच टांगून ठेवा, पावसाने भिजते.